डावं मनगट

दोर डाव्या मनगटात बांधायचा. कमरेला नाही, काखेत नाही, उजव्या हाताला तर नाहीच. हे मला कोणी शिकवलं नाही. मी ठरवलं, आणि मी एकदा ठरवलं की ते ठरलं. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली. पण सावद्याच्या चारी बाजूंना ज्या जुन्या विहिरी आहेत, त्यातल्या बहुतेकींचा तळ मी पाहिला आहे. तिथे दुसरीवाला गेला काय आणि कॉलेजवाला गेला काय, अंधार सारखाच असतो.

काम असायचं फूटवॉलचं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या खालच्या तोंडाला एक झडप असते, ती. तिच्यात पालापाचोळा अडकला की मोटार वर नुसती घुमत राहते, पाणी चढत नाही. ऐन वैशाखात केळीचं पाणी तुटलं तर बाग माना टाकते. मग शेतकरी सायकल दामटत यायचा, “भाऊ, चला लवकर.” मी जेवता ताटावरून उठून गेलो आहे. श्वास कोंडायचा, पाइपाला धरून खाली जायचं, हाताने चाचपून कचरा काढायचा आणि वर यायचं. कधी पडलेली बादली, कधी कळशी, एकदा तर कोणाचा चांदीचा करदोडा. माणसंही काढली आहेत, ते सांगत बसत नाही.

बाकीचे लोक दोर कमरेला बांधत. कमरेला बांधलेला माणूस वरून ओढला की दुमडतो, डोकं खालीच राहतं. उजवा हात कामाचा, त्याला दोराचा अडथळा नको. डाव्या मनगटाला बांधला की आधी हात वर येतो आणि हातामागे माणूस सरळ येतो. शिवाय खाली कान बंद, डोळे बंद. कळतं ते मनगटालाच.

वर दोर धरायची माझी बायको.

ती धुळ्याकडची. तिच्या माहेरी हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालायचं, त्यामुळे एवढं पाणी एका जागी तिने लग्नानंतरच पाहिलं. पहिल्यांदा विहिरीवर आली तेव्हा काठापासून चार हात लांब उभी राहिली. त्या दिवशी दोर धरणारा माझा भाऊ आला नव्हता. मी म्हटलं, धर. तिने दोराचा वेढा स्वतःच्या डाव्या हाताला घेतला, पाय रोवले आणि मी खाली गेल्यावर थोड्या थोड्या वेळाने दोर हळूच हलवून विचारू लागली, “शे ना?”

तिच्या अहिराणीत शे म्हणजे आहे. मला खाली काय ऐकू येणार! काठावरच्या लोकांनी नंतर सांगितलं आणि सगळे हसले. मी पण हसलो.

“अव, पान्यात कोनाले ऐकू येतं? अन शे काय, आहे म्हन.”

“माले जे येस तेच म्हनसू,” ती म्हणाली.

आणि तेच म्हणत राहिली. मग आमचं ठरूनच गेलं. तिने दोर हलवला की मी एक झटका द्यायचा, म्हणजे शे. दोन झटके दिले की ओढायचं. लग्नाला किती वर्षं झाली तरी तिचं शे काही सुटलं नाही आणि मी तिला त्यावरून चिडवायचं सोडलं नाही. घरात, शेतात, पाहुण्यांसमोर. “आमच्या घरी आहे नही, शे आहे,” असं मी म्हणायचो.

आम्हाला एकच मुलगी. तिला पोहायला मीच शिकवलं, आमच्याच विहिरीत. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा, डाव्या मनगटाला दोर. बाकी पोरी पायऱ्यांवर पाय बुडवून बसायच्या, ही डबा सुटल्यावर तळाची माती मुठीत घेऊन वर यायची आणि आईला दाखवायची. तिची आई ओरडायची आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो. पुढे ती भुसावळला कॉलेजात गेली. तिथून मैत्रिणींबरोबर कोकणात फिरायला गेली आणि समुद्रात पाठीला हवेची टाकी लावून बुडी मारतात ते पाहून आली. परत आली ती अर्धीच. उरलेली तिथेच राहिली. शेवटी पूर्णच गेली. आता ती फिरायला आलेल्या लोकांना समुद्राच्या तळाशी नेते आणि परत आणते.

गावात पारावर विचारायचे, “पोरगी काय करते हो?”

“लोकांना पाण्यात बुडवते.”

“अन काढतं कोन?”

“तेच मी तिले इचारतो.”

मी ते गमतीत म्हणायचो, पण गंमत नव्हती ती. पावसाळ्यात तिकडचं काम बंद असतं, तेव्हा ती घरी येते. पहिल्या पावसाळ्यातच मी विचारलं होतं, “वर दोर कोन धरतं?”

“दोर नसतो आबा. वर बोट असते.”

“बोट धरून ठेवते का तुले?”

ती हसली. मग हात पुढे करून तिने एक काळं जाडजूड घड्याळ दाखवलं. म्हणाली, “हे सांगतं किती खोल गेले, किती वेळ झाला, वर येताना कुठे थांबायचं. याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात.” मी म्हटलं, कॉम्प्युटर बँकेत असतो, मनगटावर असतं ते घड्याळ. आणि घड्याळाने कोणाला वर ओढल्याचं मी ऐकलं नाही. त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. मला मुलगी घरी हवी होती. एकुलती एक, दारात केळीची बाग, जवळपास सतरा स्थळं. ज्या कामात वर दोर धरणारं माणूस नाही, त्या कामाला माझी मुलगी का म्हणून जावी? बायको म्हणायची, “तिले जाऊ द्या.” दरवर्षी पावसाळा संपत आला की घरात हेच. मी राहा म्हणायचो, ती जाऊ द्या म्हणायची, आणि मुलगी बॅग भरायची.

मग बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या.

जळगावच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्याआधी तिच्या डाव्या हाताच्या दोन शिरा आतून एकमेकींना जोडल्या. सुया तिथेच टोचायच्या म्हणून. तिथल्या सिस्टरने सांगितलं, या हातात बांगडी नको, घड्याळ नको, दोरा नको, या हाताने वजन उचलायचं नाही, या हातावर झोपायचं नाही. तिने बांगड्या स्वतःच काढल्या. एक हात भरलेला आणि एक उघडा, अशी ती गावात फिरायची. बाया बघायच्या. तिला त्याचं वाईट वाटायचं. मला एवढंच म्हणाली, “हाऊ दोरना हात व्हता.” हा दोराचा हात होता.

त्या जोडलेल्या शिरेवर बोटं ठेवली की आत थरथर लागायची. मला ते लगेच कळलं. मोटार चालू आहे की नाही ते पाहायला आम्ही पाइपाला हात लावतो, पाणी चढत असलं की पाइप थरथरतो, तसंच अगदी. मी रोज सकाळी उठलो की तिच्या हातावर हात ठेवायचो.

“चालू शे?” ती डोळे मिटूनच विचारायची.

“चालू आहे,” मी म्हणायचो.

त्या पावसाळ्यात मुलगी आली ती दिवाळी झाली तरी गेली नाही. तिकडून फोन यायचे, काम सुरू झालं, कधी येतेस. ती बाहेर अंगणात जाऊन बोलायची. मी काही विचारत नव्हतो. आपोआप राहिली तर बरंच, असं मनात होतं.

एकदा दवाखान्यात बायको मशीनला लावलेली होती. रक्त नळीतून मशीनमध्ये, मशीनमधून परत अंगात. मशीनवर लाल आकडे. वेळ जाता जात नाही तिथे. तिने मुलीला विचारलं की तुझ्या घड्याळात कसले आकडे असतात. मुलगी समजावू लागली, “खोल पाण्यात टाकीतली हवा घेतली ना माय, की त्यातला वायू रक्तात मुरतो. घाईने वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात, माणूस लुळा पडतो, मरतोसुद्धा. म्हणून हा हिशोब ठेवतो, रक्तात किती मुरला असेल आणि तो निघायला किती वेळ थांबायचं.”

बायकोने त्यातला एकच शब्द धरला, रक्त.

“मन्हा रगतनं काय सांगस हाई?” तिने विचारलं. माझ्या रक्ताचं हे काय सांगतं?

खरं सांगतो, माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. त्या मशीनवाल्यांचा मला भरवसा नव्हता. आपल्या पोरीच्या हातावर रक्ताचा हिशोब ठेवणारी वस्तू आणि आपण इतके दिवस फुकट बसलो! मी म्हटलं, “काढ. बांध मायच्या हाताले.”

“आबा, ते रक्त बघत नाही.”

“आत्ताच तर बोलली तू.”

“ते फक्त पाण्याचा भार बघतं आणि वेळ बघतं. त्यावरून अंदाज करतं.”

“मग बांध. करू दे अंदाज. डाव्या हाताले बांध, तिथं रक्त जोरात आहे.”

“डाव्याला काहीच बांधायचं नाही, आबा!” ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला. सिस्टर येऊन मला म्हणाली, “बाबा, बाहेर बसा.” मी बसलो नाही. उभा राहिलो तिथेच.

मग मुलीने घड्याळ काढून आईच्या उजव्या मनगटात, बांगड्यांच्या वर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकाला लावला तरी सैल. त्यावर फक्त किती वाजले ते दिसत होतं. बायकोने खूप वेळ त्याकडे पाहिलं.

“काही सांगत नही,” मी म्हटलं.

“हे एकाचं दुसऱ्याला चालत नाही, आबा,” मुलगी म्हणाली. आता आवाज खाली होता. “ज्याच्याबरोबर पाण्यात गेलं त्याचंच याला माहीत असतं. नवराबायको बरोबर उतरले तरी एकाच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याने वर यायचं नाही. ज्याचं त्याचं वेगळं.”

बायकोने हात पुढे करून ते मुलीला काढायला लावलं. म्हणाली, पाण्यात गेल्यावर बोलतं ना, मग मला पाण्यात गेल्यावर दाखव. मी दोर धरते.

मला वाटलं दवाखान्यातलं बोलणं दवाखान्यात राहील. पण घरी आल्यावर तिने दोन दिवस तोच धोशा लावला. तिच्या अंगात थोडी ताकद होती त्या दिवशी मी बैलगाडीसारखी हळू मोटरसायकल चालवत तिला मळ्यात नेलं. मुलगी चालत आली. माझी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, ती वाटेत भेटली. म्हणाली, “बाई धड उभी राहत नाही अन तू तिले विहिरीवर नेतो? तुला काही अक्कल?” मी म्हटलं, “नही.”

विहिरीला त्या वर्षी पाणी बरं होतं. काठावर बायकोला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. दोर मी खुंटीवरून काढला. जुनाच, पण मी दरवर्षी तपासतो. मुलीसमोर उभा राहून म्हटलं, “डावा हात.”

तिने पुढे केला. गाठ मारताना मी पाहिलं, तिच्या उजव्या मनगटावर, घड्याळ जिथे असतं तिथे, कातडी पांढरी होती. बाकी हात उन्हाने करपलेला. डावं मनगट मात्र सगळं एकसारखं काळं. त्यावर कधी काही बांधलेलंच नव्हतं.

“घड्याय उजव्यात काऊन?” मी विचारलं. “आपन तर सारे डाव्यात बांधतो.”

“तिकडेही बरेच जण डाव्यातच बांधतात. वर येताना जाकिटातली हवा सोडायची नळी डाव्या हातात धरून हात उंच करतो ना आम्ही, तेव्हा आकडे समोर येतात. काही जण उजव्यात बांधतात. काही जण टाकीच्या नळीलाच लटकवतात, कमरेशी.”

“लोंबतं ते अडकतं.”

“म्हणून मी नाही लटकवत.”

“मग डाव्यात बांध सगळ्यांसारखं.”

ती दोराच्या गाठीकडे बघत होती. “डावा दोराचा आहे ना आबा,” ती म्हणाली. “तिथे सगळे मला हसतात. मी सांगते, आमच्याकडे डावा मोकळा ठेवतात.”

मी गाठ परत सोडून परत बांधली. ती सैल होती असं नाही.

घड्याळ उजव्यात बांधून ती उतरली. बायकोने दोर उजव्या हातात घेतला, डावा मांडीवर ठेवलेला. तिच्याच्याने मुलगी ओढली जाणार नव्हती. मी दोर धरला नाही. मी उतरणारा माणूस, दोर कधी धरला नाही. पण दोराचं मागचं टोक मी पायाखाली घट्ट दाबून उभा होतो. पाणी हललं आणि शांत झालं. बायको थोडी पुढे वाकली, दोर हळूच हलवला.

“शे ना?”

दोराला झटका बसला. एक.

बायको हसली. तिचं तोंड आजाराने सुजलेलं, त्या सुजलेल्या तोंडाने हसली. मुलगी वर आली तेव्हा घड्याळावर आकडा होता, किती खोल गेली त्याचा. तिने काठाला धरून हात वर करून दाखवला. बायकोला तो आकडा कशाचा ते कळलं नसणार, पण तिने मान हलवली. मग मला म्हणाली, पोरीला ऐकू जाईल अशा बेताने, “तिले जाऊ द्या.” मी दोर गुंडाळत राहिलो.

थंडीत गेली ती. सकाळी मी नेहमीसारखा तिच्या हातावर हात ठेवला. थरथर नव्हती. मी बोटं जरा सरकवून पाहिली, दाबून पाहिली. बुड्या मारून माझा एक कान गेलेला आहे, म्हणून मग तिचा हात चांगल्या कानाला लावला. कोणी विचारलंही नाही, चालू शे का. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, “मोटार बंद झाली.” तिला आधी शेतातलीच वाटली.

सवाष्ण गेली म्हणून बायांनी हिरवं लुगडं आणलं, कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या आणल्या. उजवा हात मुलीने भरला. डावा सुजलेला होता, बांगडी चढेना. दोघी बाया साबण लावून चढवत होत्या, एक बांगडी फुटली.

“डावा राहू द्या,” मी म्हटलं.

“अरे, सवाष्ण शे ती!” अक्काही तिच्याच बोलीत बोलून गेली, इतकी वर्षं आमच्याकडे रोजची ये-जा असल्यामुळे. “एक हात उघडा ठेवून पाठवतात का? लोक काय म्हणतील?”

“म्हनू दे. डावा मोकळाच राहील.”

“हट्ट सोड रे आज तरी.”

मी तिथून हललो नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि बांगड्या ठेवून दिल्या. तिला तशीच नेली.

पुढचं सगळं झाल्यावर घरात मी, मुलगी आणि दिवसातून दोनदा येणारी अक्का. अक्काने मुलीला सांगून पाहिलं, “आता बापाला कोण आहे? राहा इथेच.” मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे मला पक्कं माहीत होतं. एवढी वर्षं जे मागत होतो ते समोर ताटात होतं. मी म्हटलं, “भुसावळहून गाडी कधी आहे?”

स्टेशनवर फलाटावर बाकावर बसलो होतो. तिने बॅगेच्या कप्प्यातून ते घड्याळ काढलं. आई गेल्यापासून बांधलं नव्हतं. ती ते डाव्या मनगटात बांधू लागली.

“तिथं काऊन?” मी म्हटलं.

“आता काय आबा.” तिने वर पाहिलं नाही. “धरणारीच गेली.”

मी तिचा हात ओढून घेतला आणि पट्टा सोडवायला लागलो. केळीच्या चिकाने आणि वयाने माझी बोटं जाड झाली आहेत, बारीक बक्कल मला जमेना. तिनेच शेवटी सोडवलं. मी ते तिच्या उजव्या मनगटाला लावलं, त्या पांढऱ्या पट्ट्यावर.

“डावा मोकळा ठेव.”

“कोणासाठी, आबा?”

“मी मेलो का?”

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ती रडायला लागली आणि गाडी आली. गाडीत गर्दी होती, नीट निरोपही झाला नाही. खिडकीतून तिने हात हलवला, डावा.

आता ती संध्याकाळी काम संपलं की फोन करते. मला फोनवर बोलता येत नाही. जेवली का, पाऊस आहे का, एवढंच विचारतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “आबा, आले वर.” मी फोन चांगल्या कानाला लावून बसलो होतो. तोंडातून निघून गेलं, “शे ना?”

मी फोन कानावर आणखी दाबला.

“शे,” ती म्हणाली.

रोज फोन येत नाही. बोटीवर रेंज नसते म्हणते. अशा दिवशी मी मळ्यात जातो, खुंटीवरून दोर काढतो आणि मांडीवर घेऊन बसतो. अक्का परवा तिथे आली होती. म्हणाली, “काय करतो रे इथे अंधार पडेपर्यंत?” मी म्हटलं, “दोर कुजला का बघतो.”